कॉलेजही, मंडळही: कबड्डीला नुकत्याच लागलेल्या मुलीला उत्तर

प्रश्न एफवायबीकॉमच्या एका मुलीचा आहे. शाळेत ती खो-खो खेळायची. आता कॉलेजच्या कबड्डी संघात निवड झाली आहे आणि जिमखान्याचे सर म्हणताहेत, खरंच खेळायचं असेल तर एखाद्या मंडळात जायला लाग. मंडळ परळला, घर कळव्याला. आईचं म्हणणं, रात्री उशीर होईल, अभ्यास बुडेल, हातपाय मोडून घेशील. तर कॉलेजात असताना क्लबकडून खेळणं नेमकं कसं असतं, आणि दोन्ही जमतं का?

जमतं. मी अकरावीपासून एमकॉमपर्यंत सात वर्षं कॉलेज आणि मंडळ अशी दोन्हीकडून खेळले. नंतर शिकवायला लागले, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. सकाळी एका कॉलेजचा मुलींचा संघ असतो, संध्याकाळी आमचं मंडळ. पण आधी एक कबूल करते. तुझी आई जे तीन धोके सांगते आहे ते तिन्ही खरे आहेत. उशीर होतो, अभ्यासाची ओढाताण होते आणि दुखापतही होते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांची सोय कर. ती कशी करायची ते पुढे सांगते.

पहिलं म्हणजे कॉलेजच्या संघाचं गणित समजून घे. जुलैत प्रवेश आटोपतात, मग निवड चाचणी, मग तीन-चार आठवडे सकाळचा सराव, आणि मग विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांची तारीख लागते. सामने बाद पद्धतीचे. पहिलीच गाठ तगड्या कॉलेजशी पडली आणि हरलात, की तासाभरात तुमचं वर्ष संपलं. जिंकत गेलात तर वाट लांब आहे: आधी विद्यापीठाच्या संघाची निवड, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथे पहिल्या चारांत आलात तर अखिल भारतीय. पण विद्यापीठाच्या निवड चाचणीला कधी बघायला ये. तिथे उभ्या असलेल्या मुली जवळपास सगळ्या कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या असतात. जुलैत कबड्डी सुरू केलेली मुलगी ऑक्टोबरात त्यांच्यासमोर टिकत नाही. त्यात तिचा दोष नसतो, तिला सरावच मिळालेला नसतो. सर तुला मंडळात जा म्हणतात ते यासाठी.

मंडळ म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नकोस. लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगाव या पट्ट्यात गिरण्यांच्या काळापासून चाळी-चाळींत क्रीडामंडळं आहेत. एक मैदान, एक पत्र्याची खोली, खोलीत जर्सीची पेटी, नीकॅप, फक्कीची पोती, भिंतीवर हार घातलेला मारुती. शिकवणारे सर दिवसभर बँकेत, पोस्टात नाहीतर बेस्टमध्ये नोकरी करून संध्याकाळी सहाला मैदानावर येतात आणि त्याबद्दल बहुतेक ठिकाणी एक पैसाही घेत नाहीत. मुलींचे संघ असलेली मंडळं मुलांच्या मानाने थोडी, पण जी आहेत ती भक्कम. मुंबईचा शिवशक्ती महिला संघ किंवा पुण्याचा राजमाता जिजाऊ संघ ही नावं कबड्डीतल्या कुठल्याही मुलीला माहीत असतात. सोनाली शिंगटे लोअर परळची. परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात शिकत असताना ती कबड्डीकडे वळली, शिवशक्तीतून घडली, पुढे पश्चिम रेल्वेत लागली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. उशिरा सुरुवात झाली म्हणून मन खट्टू करून घेणाऱ्या मुलींना मी तिचंच उदाहरण देते.

आता पहिला महिना कसा जातो ते सांगते, कारण सगळ्यात जास्त मुली याच महिन्यात सोडून जातात.

पहिला महिना तुला कोणी खेळवणार नाही. मैदान तयार करणं हाच अर्धा तास असतो. माती सुकलेली असेल तर पाणी मारायचं, ते मुरू द्यायचं, मग हाताने चाचपून खडे, काचेचे तुकडे, बाटल्यांची बुचं वेचायची. नव्या मुलींना वाटतं आपल्याला कामाला लावलंय. पण ज्या मातीवर गुडघ्यावर आणि छातीवर पडायचं, ती आपल्या हाताखालून गेलेली असली म्हणजे पडताना मन कचरत नाही. मग धावणं, मग बैठक. कबड्डीची बैठक म्हणजे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, वजन चवड्यांवर, नजर रेडरच्या, म्हणजे चढाईला आलेल्या मुलीच्या, कमरेवर. हातांकडे बघितलंस तर फसशील, चेहऱ्याकडे बघितलंस तर त्याहून फसशील. कंबर खोटं बोलू शकत नाही. या बैठकीत डावीकडून उजवीकडे सरकत वीस मिनिटं काढायची. तिसऱ्या दिवशी लोकलच्या पुलाचे जिने उतरताना मांड्या थरथरतात. दोन आठवड्यांनी थांबतं.

खो-खो खेळलेल्या मुलींना मी गेली कित्येक वर्षं घेते आहे आणि आनंदाने घेते. तुमचे पाय तयार असतात, वाकण्याची सवय असते, दिशा बदलताना तोल जात नाही. पाठलाग करताना मारलेला सूर आणि घोट्याची पकड घेताना मारलेली झेप यांत फारसं अंतर नाही. पण एक गोष्ट आड येते. खो-खोत अंगाला हात लागू न देणं हे कौशल्य असतं, इथे अंगाने अंगाला भिडावं लागतं. खो-खोतून आलेली मुलगी पहिले दोन महिने समोरची अंगावर आली की अर्धं पाऊल मागे घेते. ती पकडीला घाबरत नाही, तिच्या शरीराची सवयच तशी असते. ही सवय जायला वेळ लागतो आणि तो वेळ स्वतःला दे. सर ओरडतील. ओरडू देत.

पडायला शिकवतात तेव्हा मात्र कान देऊन ऐक. हनुवटी छातीला लावून, खांद्यावरून, हात ताठ न ठेवता. ताठ हातावर पडलेल्या मुलींची मनगटं मी फार पाहिली आहेत.

मग एक दिवस तुला साखळीत उभं करतात. माझ्या लेखी मंडळातला खेळ इथून सुरू होतो.

सात जणी अर्धवर्तुळात. दोन टोकांना दोन कॉर्नर, त्यांच्या शेजारी इन, मग कव्हर, मध्ये सेंटर. वर्तमानपत्रात कोपरारक्षक, मध्यरक्षक असं लिहितात, मैदानात तसं कोणी म्हणत नाही. मुलींचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. त्यातही दोन्ही बाजूंचा एकेक मीटरचा राखीव पट्टा झटापट होईपर्यंत वापरता येत नाही, म्हणजे तुमच्या सात जणींच्या वाट्याला सहा बाय सहाचा चौकोन. एवढ्या जागेत एक रेडर आत येते, तिच्याकडे तीस सेकंद असतात, आणि तिच्या एका स्पर्शाने तुमच्यातली एक बाहेर जाते. तिला अडवणं एकटीचं काम नाही, म्हणून कॉर्नर आणि इन हात धरून उभ्या राहतात.

हात धरायचा कसा? प्रत्येक नवी मुलगी बोटांत बोटं गुंफते आणि प्रत्येकीला ते सोडायला लावावं लागतं. रेडर दोघींच्या मधून घुसली आणि दोघी दोन दिशांना ओढल्या गेल्या की गुंफलेलं बोट आधी निखळतं. चार बोटांची आकडी करायची, ती दुसरीच्या आकडीत अडकवायची, अंगठा बाहेर मोकळा. घट्ट धरायचं, पण हवं तेव्हा एका झटक्यात सुटलं पाहिजे. आणि बोलायचं ते याच हाताने. चढाई चालू असताना तोंडाने सांगायला उसंत नसते. रेडरने बोनस रेषेकडे, म्हणजे जादा गुण देणाऱ्या मागच्या रेषेकडे, पाय टाकला की कॉर्नरने इनचा हात किंचित दाबायचा. ती वळली की ओढायचा. कॉर्नर घोट्यावर झेपावणार असेल तर आकडी सैल पडते आणि त्या क्षणी इनला कळतं, आता आपल्याला वरून कंबर धरायची आहे. हे सगळं एका सेकंदात होतं.

माझी इन चार वर्षं एकच मुलगी होती. आम्ही वेगळ्या कॉलेजांत होतो. विद्यापीठाच्या सामन्यांत एकमेकींविरुद्ध खेळायचो आणि तिची चढाई आली की मला ती कुठे पाय टाकणार ते आधी कळायचं, तिलाही माझी झेप कळायची, त्यामुळे दोघींचंही काही चालायचं नाही. सराव चुकवण्याबद्दल मंडळात इतकं कडक का असतात ते या हातावरून समजून घे. तू आली नाहीस तर तुझ्या इनची संध्याकाळ फुकट जाते. दुसरी कोणी तिच्याशेजारी उभी राहील, पण त्या हाताचे दाब वेगळे असतील. म्हणून परीक्षा असो, ताप असो, घरी पाहुणे असोत, यायचं नसेल तर दुपारीच कळव. चौदा वर्षांत न सांगता गैरहजर राहणाऱ्या दोन मुलींना मी संघातून काढलं आहे आणि त्या दोघींपैकी एक आमची सर्वांत चांगली रेडर होती.

संघ बारा जणींचा, मैदानात सात. पहिला मोसम तू बहुधा राखीव बाकावर काढशील, दुसराही काढशील कदाचित. बाकावर बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. समोरची रेडर कुठल्या पायावर वळते, तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवतात, थकल्यावर कोण दम लवकर सोडते, हे बाकावरून जेवढं दिसतं तेवढं मैदानातून दिसत नाही. मी पहिलं वर्षभर एका वहीत हे लिहायचे. पुढे त्याच मुली समोर आल्या तेव्हा ती वही कामाला आली.

मोसमाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात मातीचं मैदान बंद, तेव्हा एखाद्या शाळेच्या सभागृहात नाहीतर मॅटवर व्यायाम आणि चाली. गणपतीत आमच्या मैदानावर मांडव असतो, दहा-पंधरा दिवस धावण्यावर भागवतो. खरा धडाका दिवाळीनंतर ते मेपर्यंत. त्यात दोन प्रकारच्या स्पर्धा असतात आणि हा फरक तुला पहिल्या दिवसापासून माहीत हवा. एक, जिल्हा आणि राज्य संघटनेच्या अधिकृत स्पर्धा: जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद वगैरे. तू वीस वर्षांच्या आतली असशील आणि वजन ६५ किलोपर्यंत असेल तर कुमारी गटातही खेळू शकतेस, वरिष्ठ महिला गटाला वजनाची मर्यादा ७५ किलोची आहे. दुसऱ्या म्हणजे गल्लोगल्ली होणाऱ्या आमंत्रित स्पर्धा, रात्री दिव्यांच्या झोतात, चषक आणि रोख बक्षिसाच्या. खेळ सुधारतो तो या आमंत्रितांत. गर्दी अंगावर येते, शिट्ट्या, ढोल, आणि त्यात तुला पंचांचा आवाज आणि आपल्या कर्णधाराचा आवाज वेगळा काढायला शिकावं लागतं. पण नोकरीसाठी कागद लागतो तो अधिकृत स्पर्धेचा.

तो कागदही आत्ताच समजून घे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठली स्पर्धा आणि कुठला क्रमांक चालतो हे ठरलेलं आहे आणि प्रमाणपत्रांची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. गल्लीतल्या चषकाचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. म्हणून मंडळात नाव घालताना विचार: संघटनेकडे माझी नोंदणी कधी करणार? नोंदणी एका वेळी एकाच मंडळाकडून होते. पुढे दुसरीकडे जायचं तर नियमाने बदल करून घ्यावा लागतो, त्यामुळे कोणी जर्सी पुढे केली म्हणून सही करू नकोस. आणि प्रत्येक प्रमाणपत्राची झेरॉक्स, संघयादीची प्रत, निकालाचं कात्रण एका फाइलमध्ये ठेव. दहा वर्षांनी ते शोधायला गेलं तर मंडळाची पेटी उंदरांनी खाल्लेली असते.

नोकरी मिळेलच असं मात्र मी कुठल्याही मुलीला सांगत नाही. माझ्या वेळच्या बारा जणींपैकी दोघी खेळावर नोकरीला लागल्या, एक पोलिसांत, एक रेल्वेत. बाकी आम्ही आपापल्या पदवीवर. पदवी सोडून कबड्डीच्या मागे लागणाऱ्या मुलीला मी स्वतः घरी जाऊन समजावते.

आता आईचा पहिला मुद्दा, उशीर. सराव साडेआठला सुटतो. मैदानातून निघून, हातपाय धुऊन, परळहून स्लो लोकल पकडून कळव्याला घरी पोचायला दहा वाजतात. हे रोज करू नकोस. बाहेरून येणाऱ्या मुलींना आम्ही आठवड्यातून तीन संध्याकाळ आणि रविवार सकाळ एवढंच बोलावतो, बाकीचे दोन दिवस त्या घराजवळ धावतात आणि व्यायाम करतात. त्याच बाजूला जाणारी दुसरी मुलगी शोध, एकत्र डब्यात बसा, पोचल्यावर दोघींनी सरांना किंवा ताईंना संदेश टाकायचा. आणि एक सांगते, जरी मी परळचीच असले तरी. ठाण्यातही कबड्डीची जुनी परंपरा आहे, तिथेही मुलींना शिकवणारी मंडळं आहेत. घराजवळ चांगला सराव मिळत असेल तर परळचा हट्ट धरू नकोस. रोज वाचणारा तास झोपेला मिळेल आणि या वयात झोप कमी पडली की पहिले स्नायू कुरकुरतात.

आईला एकदा मैदानावर घेऊन ये. फोनवर बोलून काही होत नाही. तिने येऊन कट्ट्यावर बसावं, मुली बघाव्यात, सरांशी बोलावं. माझी आई आली होती. तोवर ती रोज दारात उभी राहून वाट बघायची. त्या दिवशी तिने एका सीनियर ताईच्या आईचा नंबर घेतला आणि पुढची सहा वर्षं त्या दोघी एकमेकींना फोन करून आम्ही कुठपर्यंत पोचलो ते विचारायच्या.

आणि आईला हे प्रश्न विचारायला सांग, लाजू नका म्हणावं. बाहेरगावी स्पर्धेला जाताना संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून बाई असतात का? मुलींची राहायची सोय कुठे करतात? रात्रीच्या सामन्यानंतर मुलींना घरी सोडायची जबाबदारी कोणाची? चांगलं मंडळ या प्रश्नांना शांतपणे उत्तर देतं. कोणी चिडलं, टाळाटाळ केली, "आमच्याकडे असं काही होत नाही" म्हणून विषय बदलला, तर ते मैदान कितीही नावाजलेलं असो, तिथे जाऊ नकोस. आमंत्रित स्पर्धांत मुलींचे सामने आधी लावा असं आम्ही आयोजकांना दरवर्षी सांगतो. काही ऐकतात. जे मुलींना रात्री साडेअकराला उतरवतात त्यांच्याकडे आम्ही पुढच्या वर्षी संघ पाठवत नाही.

अभ्यासाचं. बी.कॉम. आणि कबड्डी हे गणित अवघड नाही, पण ते हजेरीवर अडतं. पंचाहत्तर टक्के भरली नाही की डिफॉल्टर लिस्टला नाव लागतं आणि मग आईला कॉलेजात बोलावतात, आणि आईने कॉलेजात जाणं म्हणजे बहुतेक घरांत कबड्डी तिथेच संपते. माझं नाव एसवायला लागलं होतं. मी विद्यापीठाच्या सामन्यांना गेले होते, कॉलेजसाठीच खेळत होते, पण जायच्या आधी कागद दिला नव्हता. परत आल्यावर जिमखान्याचं पत्र नेलं तर एका विषयाच्या मॅडमनी ते घेतलंच नाही. त्या आठवड्यातली अंतर्गत परीक्षा बुडाली आणि त्या विषयात मला केटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागला. तेव्हापासून माझा नियम आहे आणि आता माझ्या प्रत्येक मुलीला लावते: पत्र आधी, सामना नंतर. सामन्यांचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी जिमखान्यातून पत्र घ्यायचं, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना स्वतः भेटून द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घ्यायची. खेळाडूंना हजेरीत आणि गुणांत सवलत मिळते, पण ती मागावी लागते, आणि वेळेत मागावी लागते.

लोकलमधला तास वाया घालवू नकोस. बसायला जागा मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर कानात कोणाचं तरी रेकॉर्ड केलेलं लेक्चर. माझ्या इनची आणि माझी शाखा एकच होती. आम्ही ट्रेनमध्ये एकमेकींना कॉस्टिंगची उदाहरणं तोंडी घालायचो. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस सराव पूर्ण बंद, हे आमच्या मंडळात आजही आहे. जिथे परीक्षेच्या काळातही या म्हणतात तिथे नम्रपणे पण ठाम नाही म्हण.

आता दुखापत. हे मी सविस्तर सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

टीवायला असताना, डिसेंबरात, एका रात्रीच्या सामन्यात मी कॉर्नरमधून घोट्यावर झेपावले. रेडरने पाय सोडवला, माझा डावा पाय मॅटवर रुतल्यासारखा राहिला आणि वरचं अंग वळलं. गुडघ्यातून "टक्" असा आवाज आला. मला तो ऐकू आला, माझ्या इनलाही ऐकू आला, तिने माझा हात अजून धरलेला होता. दुखलं ते पाच मिनिटं, मग कमी झालं, म्हणून मी उठून चालले. घरी जाईपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाने मुरगळलंय म्हणून तेल लावून चोळून दिलं. तीन आठवड्यांनी सूज उतरल्यावर मी परत खेळायला गेले आणि साधं वळताना गुडघा सरकून मी खाली बसले. मग एमआरआय झाला, एसीएल हा आतला अस्थिबंध पूर्ण तुटलेला होता आणि त्या तीन आठवड्यांत गुडघ्याची गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया झाली आणि परत मैदानात उतरायला दहा महिने लागले.

तर लक्षात ठेव. गुडघ्यात आवाज आला आणि काही तासांतच सूज आली, तर मुरगळलं असं समजायचं नाही. चोळायचं नाही. बर्फ, पट्टी, पाय उंच, आणि दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर. ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते हे आता डॉक्टर आणि प्रशिक्षक दोघेही मानतात, म्हणून आम्ही आठवड्यातले दोन दिवस फक्त उडी मारून गुडघे वाकवून, आत न झुकू देता उतरण्याचा सराव घेतो. मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम घेतो. कंटाळवाणा असतो. चुकवू नकोस. आणि खर्चाबद्दल आधी विचार: शस्त्रक्रियेचा भार उचलण्याएवढं मंडळांचं बळ नसतं. घरचा आरोग्यविमा असेल तर खेळातल्या दुखापतीला चालतो का ते बाबांना वाचून बघायला सांग.

खाण्याचं एवढंच, की दुपारी कॉलेजच्या कँटीनचा वडापाव आणि संध्याकाळी सराव हे चालणार नाही. पाच वाजता केळं, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं. रात्री भाकरी, डाळ, उसळ, घरी चालत असेल तर मासे. मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. आणि वजनगटात बसण्यासाठी दोन दिवस उपाशी राहण्याचा प्रकार कोणी सुचवला तर ऐकू नकोस. पाळीच्या दिवसांत किती खेळायचं ते तुझं शरीर ठरवेल. सरांना सांगायला संकोच वाटला तर ताईंना सांग, पण लपवून ओढत राहू नकोस.

कॉलेज आणि मंडळ यांची तारीख कधी ना कधी एकाच दिवशी येणार. तेव्हा काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: विद्यापीठाच्या सामन्यांना कॉलेज, बाकी वेळी मंडळ. कॉलेजच्या जर्सीत खेळायला तीन वर्षंच मिळतात, फार तर पाच, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा पंचवीसची आहे. मंडळ चाळिशीतही तुला मैदानात घेईल. समजदार सर हे मान्य करतात. फक्त दोघांनाही आधी सांगायचं, एकाला दुसऱ्याकडून कळता कामा नये.

आणि हे सगळं कशासाठी, असं तू विचारलं नाहीस, पण आई विचारेल. माझ्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना माझी इन रोज कॉलेज सुटल्यावर आमच्या घरी यायची. नोट्स आणायची. मला कुबडीवरून उभं करून खोलीभर चालवायची, हात धरून, तशीच आकडी करून, आणि माझा तोल जायला लागला की मी बोलायच्या आधी तिला कळायचं. २०२३ मध्ये हांगझोला आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी अंतिम सामना चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा एका गुणाने जिंकला, तो आम्ही दोघींनी तिच्या घरी शेजारी बसून पाहिला. शेवटच्या मिनिटाला तिने माझा हात धरला होता.

तर सोमवारी ये. साडेपाचला, सहाला नाही. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा जुना टीशर्ट, जास्तीचा कपड्यांचा जोड, टॉवेल, पाण्याची मोठी बाटली. मातीवर अनवाणीच खेळायचं असतं, मॅटचे बूट आत्ताच विकत घेऊ नकोस, दोन महिने टिकलीस की मग बघू. नखं कापून ये, कानातलं आणि नाकातलं घरी ठेव. कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. आल्यावर कोणी काही विचारायची वाट बघू नकोस. नळाजवळ पाइप गुंडाळून ठेवलेला असतो, तो घे आणि मैदानाला पाणी मारायला लाग, डाव्या कोपऱ्यापासून, तिथली माती सगळ्यांत लवकर सुकते.